प्रॉडक्ट डिझाइनच्या पोरांना मेकॅनिक्स हवंच का?

डायवाला_जळगाव: एमआयडीसीत आमचं छोटं प्लास्टिक मोल्डिंग युनिट आहे. परवा डिझाइनचा एक पोरगा केळीच्या क्रेटचं मॉडेल घेऊन आला, रेंडर एकदम चकाचक, पण भिंती सगळ्या सरळसोट उभ्या, ड्राफ्ट शून्य. म्हटलं भो, दीड-दोन अंश उतार नाही दिला तर पीस डायमधून निघेल कसा? तर म्हणे ते टूलरूमवाले बघतील. वर मजबुतीसाठी जाडी अडीचची थेट पाच मिमी! ज्याला एवढं कळत नाही त्याला डिग्रीच देऊ नये.

स्केचबुक_धुळे: डिग्रीच नको? जरा जास्तच होतंय दादा. मी डिझाइनलाच आहे, मेकॅनिक्समध्ये सेमिस्टरभर ट्रस, म्हणजे पुलाच्या त्रिकोणी सांगाड्यांची गणितं, सोडवले, पण त्याचा वस्तूशी काय संबंध ते कोणी दाखवलंच नाही. आणि ड्राफ्ट, स्ट्रेस सगळं सॉफ्टवेअर दाखवतं आता. क्रेट उचलताना हमालाच्या बोटांना कड काचते, ते कोणत्या डायवाल्याने बघितलं?

डायवाला_जळगाव: कडेचं मान्य, बेकारच असतात त्या. पण सपोर्ट, म्हणजे वस्तू कुठे टेकलीय ते, चुकीचा लावला की सॉफ्टवेअर चुकीचंच उत्तर झकास रंगात देतं, ते ओळखणार कोण? जाडीचंच बघ ना, दुप्पट केली की कडकपणा आठपट होतो, ऐकायला भारी, पण माल दुप्पट लागतो आणि थंड व्हायला साधारण चौपट वेळ, मग मशीन तासाला शॉट मारणार किती आणि पीस पडणार केवढ्याला? त्यापेक्षा भिंत अडीचचीच ठेव अन् रिब, म्हणजे भिंतीला आधाराच्या उभ्या पट्ट्या, दे. रिबही भिंतीच्या निम्मी, फार तर साठ टक्के, नाहीतर बाहेरून सिंक मार्क, म्हणजे खळगे, दिसलेच समज.

केळीवाला_रावेर: तुमचं चालू द्या, पण मे महिन्यात ४५ अंशात थप्पी लावली की खालचा क्रेट फुगतो, त्याचं सांगा कोणीतरी.

डायवाला_जळगाव: त्याला क्रीप म्हणतात भाऊ. एचडीपीई, म्हणजे क्रेटचं प्लास्टिक, वजनाखाली हळूहळू पसरतं, उन्हात जास्तच. मिनिटभराच्या लोड टेस्टमध्ये ते कळतच नाही.

स्केचबुक_धुळे: बघा, हे आम्हाला कोणी शिकवलंच नाही! म्हणून म्हणते ट्रस काढा, त्या तासांना पोरं मशीनपाशी उभी करा. डिग्री अडवून काय होणार?

डायवाला_जळगाव: मशीनपाशी खुशाल या, सेफ्टी शूज घालून. ट्रस काढायचं मात्र नाही पटत. चौकोन दाबला की तिरपा होतो, त्रिकोण होत नाही. जाळीत तिरकी पट्टी कुठे टाकायची ते तिथूनच कळतं.

स्केचबुक_धुळे: मग पेपरात क्रेटची जाळीच द्या ना, पूल कशाला देता?