बाजाराच्या दिवशी मोफत दवाखाना: सॅम्पलची औषधे घ्यावीत का, आणि वार कोणता ठेवावा?

केळीपट्टा, यावल तालुका

नमस्कार. आमच्या गावातील दोन निवृत्त डॉक्टर, एक परिचारिका आणि आम्ही चार-पाच जण मिळून आठवड्यातून एकदा मोफत दवाखाना चालवण्याच्या विचारात आहोत. रुग्ण मुख्यतः केळी कापणाऱ्या टोळ्यांतील मजूर असतील. त्यांत सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतील पावरा व तडवी आदिवासी आहेत, तसेच मध्य प्रदेशातील सेंधवा-खरगोनकडून आलेले बारेलाही आहेत. पहाटे भाकरी खाऊन निघालेला माणूस गाडी भरल्याशिवाय मोकळा होत नाही, त्यामुळे आरोग्य केंद्राची सकाळची ओपीडी त्याला गाठता येत नाही, आणि खाजगीत गेल्यास दिवसभराची मजुरी तपासणीतच संपते.

गावातील काही जाणत्या मंडळींचा आक्षेप असा की, महात्मा फुले जन आरोग्य योजना आता सर्व शिधापत्रिकाधारकांना खुली आहे आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून सरकारी दवाखान्यात केसपेपरचेही पैसे लागत नाहीत, तर मग हा खटाटोप कशासाठी? दुसरे म्हणजे एका एमआरने, म्हणजे औषध कंपनीच्या प्रतिनिधीने, सॅम्पलची औषधे खोकी भरून देण्याची तयारी दाखवली आहे. ती घ्यावीत का? जागा शाळेची मिळेल, म्हणून रविवार सकाळ ठरवत आहोत. अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

सातपुडा पायथा, चोपडा

मी स्वतः डॉक्टर असून असा दवाखाना काही वर्षे चालवतो आहे. आक्षेपाचे उत्तर सोपे आहे. फुले योजना काय आणि आयुष्मान भारत काय, दोन्ही रुग्ण दाखल झाल्यावर कामाला येतात. हृदयाची शस्त्रक्रिया योजनेत बसते. पण त्या शस्त्रक्रियेपर्यंत वेळ येऊ नये म्हणून रोज घ्यावयाची रक्तदाबाची गोळी बसत नाही. ती गोळी आरोग्य केंद्रात मोफत असते हे खरे, परंतु आपणच लिहिल्याप्रमाणे तुमचा मजूर त्या वेळी केळीच्या बागेत असतो.

रविवारचा विचार मात्र सोडून द्यावा. टोळीला रविवार नसतो. आठवड्याच्या मजुरीचा हप्ता ज्या दिवशी हाती पडतो तो बाजाराचा दिवस, आणि त्या दिवशी दुपारनंतर सगळे बाजारात येतात. आमच्याकडे चिकाने काळे पडलेले सदरे घातलेली माणसे बाजाराच्या पिशव्या पायाशी ठेवून ओळीत बसलेली असतात. घरी जाऊन कपडे बदलून या म्हटले की ती परत येत नाहीत.

सॅम्पलबद्दल माझा अनुभव वाईट आहे आणि चूक माझीच होती. पहिल्या वर्षी आम्ही खोकी घेतली. एका बाईंना रक्तदाबासाठी एका नावाची पट्टी दिली. महिनाभराने ती संपली, म्हणून तेच औषध दुसऱ्या नावाचे दिले. त्यांच्याकडे पहिल्या पट्टीतील काही गोळ्या शिल्लक होत्या. डबा निराळा, रंग निराळा, म्हणून त्यांनी दोन्ही गोळ्या रोज घेतल्या आणि डोक्यावरची चुंबळ सांभाळत असतानाच बांधावर चक्कर येऊन पडल्या. तेव्हापासून आम्ही मोजकीच औषधे ठेवतो: अम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, मेटफॉर्मिन आणि आणखी काही, सगळी जेनेरिक आणि शक्यतो एकाच कंपनीची.

खरी अडचण दुसऱ्या भेटीची आहे. पहिल्या दिवशी शंभर माणसे येतील, फोटोही निघतील. महिनाभराने त्यांतल्या एखाद्याला विचारावे, तर उत्तर मिळते, "गोयी सरनी म्हनीसन बंद करी" (गोळी संपली म्हणून बंद केली). म्हणून प्रत्येकाला कार्ड द्या, पुढची तारीख बाजाराच्या दिवसाने लिहा आणि औषध नेमके तेवढ्या दिवसांचे, वर एका आठवड्याचे जास्त द्या.

पांझराकाठ, धुळे

मी औषधशास्त्राचा माणूस असल्यामुळे कायद्याची बाजू सांगतो. नोंदणीकृत डॉक्टर स्वतःच्या रुग्णाला औषध देत असेल आणि दुकान मांडून बसला नसेल, तर १९४५ च्या औषध नियमांतील परिशिष्ट 'के' प्रमाणे त्याला विक्री परवाना लागत नाही. मात्र ही सूट डॉक्टरला आहे, तुमच्या मंडळाला नाही. डॉक्टर आले नाहीत म्हणून स्वयंसेवकाने 'मागच्याच गोळ्या' देऊन टाकल्या, असे एकदाही होता कामा नये. कपाटाची किल्ली कोणाकडे राहील, हे पहिल्याच बैठकीत ठरवा.

बोट टोचून साखर पाहणार असाल, तर २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांखाली प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून अधिकारपत्र घ्यावे लागते. खाटा नसलेल्या दवाखान्याला ते एकदाच काढावे लागते. टोचलेल्या सुया पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात आणि रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत. शाळेच्या आवारात तर याबाबत अजिबात ढिलाई नको, कारण दुसऱ्या दिवशी तिथे मुले खेळतात.

नवापूरकर, नंदुरबार

वरील दोन्ही प्रतिसादांशी सहमत असूनही मला वाटते की, डॉक्टरांच्या टेबलाशेजारी कागदपत्रांचे एक टेबल तितकेच आवश्यक आहे. मध्य प्रदेशातून आलेल्या कुटुंबाकडे आपल्याकडील शिधापत्रिका नसते, म्हणून 'यांना काहीच लागू नाही' असे आपण परस्पर ठरवून टाकतो. प्रत्यक्षात त्यांच्याकडे आयुष्मान कार्ड असेल, तर ते महाराष्ट्रातील संलग्न रुग्णालयातही चालते. पुष्कळदा ते कार्ड गावी पत्र्याच्या पेटीत पडलेले असते. एक तरुण आणि एक मोबाइल एवढ्यावर हे काम होते. ज्यांच्याकडे खरोखरच काही नाही, त्यांच्यासाठी धर्मादाय रुग्णालयांतील निर्धन रुग्णांच्या राखीव १० टक्के खाटा आहेत. कोणत्या रुग्णालयात त्या आहेत याची यादी भिंतीवर लावून ठेवा.

एक वैद्यकीय सूचनाही करतो, कारण आमच्या भागात ती वारंवार कामी येते. पावरा-भिल्ल समाजात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो, आणि सिकलसेलच्या रुग्णात लाल पेशी लवकर मरत असल्याने तीन महिन्यांच्या साखरेची, म्हणजे एचबीएवनसीची तपासणी फसवे उत्तर देऊ शकते. अशा वेळी उपाशीपोटीची साखर पाहावी; ती १२६ किंवा त्याहून जास्त आली, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहून मगच निदान करावे. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल, तर सिरप देऊन वाटेला लावू नका. क्षयासाठी थुंकीची तपासणी सरकारी केंद्रात मोफत होते. जिनिंगमधील मजूर 'रुईच्या धुळीने होते' म्हणून महिनोन्महिने खोकत राहतात.

केळीपट्टा, यावल तालुका

सर्वांचे आभार. रविवार रद्द केला, बाजाराच्या दिवशी दुपारी तीन ते सात अशी वेळ धरली आणि एमआरला नम्रपणे नकार कळवला. किल्ली परिचारिकाताईंकडे राहील. एकच शंका उरली आहे. मजुरांना दिलेली दवाखान्याची कार्डे हरवतात, म्हणून एका मुकादमाने टोळीची सगळी कार्डे स्वतःकडे ठेवण्याची तयारी दाखवली आहे. सोय मोठी आहे. काय करावे?

सातपुडा पायथा, चोपडा

कृपया तसे करू नका. मुकादम भला असेल, पण कोणाला साखर आहे आणि कोणाला चक्कर येते हे त्याला कळले, की पुढच्या उचलीच्या वेळी ते नाव टोळीतून गळते, आणि मग तो माणूस आजार लपवू लागतो. कार्ड हरवले तर हरवू द्या. त्याची नक्कल तुमच्या वहीत असावी: नाव, वडिलांचे नाव, मूळ गाव आणि शेवटी दिलेल्या गोळ्यांची संख्या. ती वहीही औषधांच्याच कपाटात ठेवा.