महालातल्या वाड्यातले पितळी खटके: ठेवता येतील का?

वाडा_महाल (प्रश्न)

नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या वाड्याचं वायरिंग बदलायचं आहे. सागवानी केसिंग-कॅपिंग (वायर झाकायच्या लाकडी पट्ट्या), आत रबरी वायर, आणि गोल लाकडी ब्लॉकवर ११ पितळी बटणं. वर घुमटासारखं पितळी झाकण, त्यातून बाहेर आलेली बोंडासारखी दांडी, खाली पांढरी चिनी माती आणि तिच्यावर '५ अँपियर २५० व्होल्ट'. वायर सगळी निघणार, त्यावर वाद नाही. वाद बटणांवर आहे. वायरमन म्हणतो भंगारात द्या, घरच्यांना ती भिंतीवरच हवीत. भार किरकोळ आहे: दहा बटणांवर ९ वॅटचे एलईडी, एकावर छताचा पंखा.

ही बटणं एवढी जोरात का वाजतात? दांडी कितीही हळू दाबा, शेवटी ती आपणच उडी मारते. त्यातल्या एकाची दांडी मात्र मधेच लोंबते आणि आतून चुरचुर ऐकू येते. आणि जिन्यातल्या दोन बटणांचं वेगळंच आहे. दिवा बंद असतो, तरी कधीकधी होल्डरच्या दोन्ही पिनांना टेस्टर पेटतो. नेहमी नाही, कधीकधी.

जुना_खटका

आधी आवाजाचं सांगतो, बाकीचं त्यातूनच उलगडेल.

बटणाचं अवघड काम जोडणं नाही, तोडणं आहे. सुरुवातीचे दिवे डीसीवर, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर चालत. कार्बन तंतूचा १६ कँडलपॉवरचा एक दिवा साधारण ६० वॅट खायचा, म्हणजे ११० व्होल्टला अर्धा अँपियर. एका बटणावर झुंबराचे दहा दिवे टाकले की पाच अँपियर. तांब्याच्या दोन टोकांत आर्क (हवेतून वाहत राहणारी ठिणगी) टिकायला १३ व्होल्टच्या आसपास दाब आणि अर्ध्या अँपियरच्या आतला करंट पुरतो. त्यामुळे पाती हाताने हळूहळू सरकवली की ठिणगी तुटत नाही, पातीच्या मागे ताणत जाते. डीसीत करंट आपणहून कधी शून्यावर येत नाही, म्हणून तिला विझायला निमित्तच मिळत नाही. पाती जळते, टोकं खडबडीत होतात, पुढच्या वेळी अजून जळतात. खाली लाकूड असेल तर ते पेटतं.

सुरुवातीला लोकांनी काय काय करून पाहिलं त्याचा एक नमुना इंग्लंडच्या नॉर्थम्बरलँडमधल्या क्रॅगसाइड या घरात होता. विल्यम आर्मस्ट्राँग यांनी तिथे १८८० साली जोसेफ स्वान यांचे तंतूचे दिवे लावले. त्यातले काही मीनाकाम केलेल्या तांब्याच्या फुलदाण्यांवर बसवले होते. बैठकीत पाऱ्याची छोटी वाटी, फुलदाणीच्या बुडातून आलेली उघडी तार त्या पाऱ्यात बुडायची, आणि परतीचा करंट फुलदाणीच्या धातूतूनच जायचा. दिवा विझवायचा तर फुलदाणी उचलायची, लावायचा तर परत ठेवायची. दिसायला झकास, पण घरोघरी कोण हे करणार?

उत्तर त्याच भागातून आलं. न्यूकॅसलच्या जॉन हेन्री होम्स यांनी १८८४ साली क्विक-ब्रेक, म्हणजे झटकन तोडणारा खटका काढला. तुमच्या हातातली बटणं त्याच घराण्यातली. झाकण काढून दांडी अगदी सावकाश दाबून बघा. पहिल्या अर्ध्या वाटेत पितळी पूल (दोन टोकं जोडणारा तुकडा) जागचा हलत नाही, कारण दोन्ही बाजूंच्या चिमट्यांनी त्याला घट्ट धरलेलं असतं. तेवढ्यात स्प्रिंग दबत जाते. दांडी मध्यबिंदू ओलांडते, स्प्रिंगचा जोर उलट्या बाजूला फिरतो आणि पूल चिमट्यांतून भिरकावला जातो. 'खट्' हा आवाज त्याचा. तोडण्याचा वेग स्प्रिंग ठरवते, तुमचं बोट नाही. सगळी हुशारी एवढ्यात आहे.

आता तुमच्या घरी २३० व्होल्ट एसी आहे. ५० हर्ट्झला करंट सेकंदात १०० वेळा शून्यातून जातो आणि आर्क आपोआप विझायला टेकतो. त्यात ९ वॅटचा एलईडी. आतून धडधाकट असलेल्या या बटणाला हे ओझं म्हणजे काहीच नाही. आजची मॉड्युलर बटणं आतून ३ मिलिमीटरपेक्षाही कमी उघडतात आणि तरी चालतात, ती एसीच्या याच गुणावर. त्यांना डीसीवर लावू नका.

लोंबणाऱ्या दांडीचं मात्र गंभीर आहे. तिची स्प्रिंग मेली किंवा मोडली आहे. पूल चिमट्यात पुरता बसत नाही, टोकाला टेकतो. चुरचुर ही आर्कची. ते बटण आजच बंद करा, वायरिंगचा मुहूर्त बघत बसू नका.

मेगर_५००

वरच्यांचं बरोबर आहे, पण "धडधाकट" हे बघून ठरत नाही, मोजून ठरतं.

मेन बंद करा. वीज नाही याची खात्री निऑन टेस्टरवर सोडू नका. फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ असं टेस्ट लॅम्पने (दोन तारा जोडलेल्या साध्या बल्बने) बघा. दांडीभोवतीची पितळी रिंग सोडवली की घुमट निघतो. घट्ट असेल तर पकडीच्या तोंडाला चामड्याचा तुकडा लावा, नाहीतर दाते उमटतात. घुमट उलटा करून आत बघा. तिथे काळपट किंवा तपकिरी कागदी अस्तर असायला हवं. बहुतेक ठिकाणी ते कुसून पडलेलं असतं आणि खरा धोका तिथे आहे. झाकण धातूचं, खालचा ब्लॉक लाकडाचा, अर्थ कुठेच नाही. वायरची एक सुटी तार झाकणाला टेकली की पूर्ण २३० व्होल्ट हाताशी. नवं अस्तर मोटर रिवाइंडिंगवाल्याकडच्या लेदरॉइड कागदाचं करता येतं: पाव मिलिमीटर जाडीची पट्टी आणि वरची चकती, त्यावर इन्सुलेटिंग वॉर्निशचे दोन हात, नीट वाळवून.

चिनी मातीचं बूड वायर सोडवून हातात घ्या आणि नखाने टिचकी मारा. चांगलं असेल तर खणखणतं, तडा असेल तर भद्द वाजतं. भद्द वाजलं की फेकायचं. तड्यात पावसाळ्यात ओल बसते, धूळ बसते आणि करंट झिरपायला वाट होते. चिकटवून उपयोग नाही.

साफसफाईत लोक सगळ्यात जास्त नुकसान करतात. चिंच, लिंबू, पितांबरी हे घुमटाच्या बाहेरच्या अंगाला ठीक, तेही सुटा करून, धुऊन, उन्हात कडक वाळवून. आतल्या चिमट्यांना आंबट काही लावायचं नाही. ते फटीत राहतं आणि महिन्याभरात हिरवा थर देतं. पॉलिश पेपर पण नको, त्याची कणी पितळेत रुतते. कॉन्टॅक्ट क्लीनर आणि काचतंतूचा ब्रश बास. तेलाचा थेंब फक्त दांडीच्या खिळीवर, सुईच्या टोकाएवढा. चिमट्यांवर तेल गेलं की ठिणगीत त्याचा कोळसा होतो.

चिमटे सैल असतील तर दोन्ही पाकळ्या लाकडी काडीने केसभर आत दाबा. पकडीने दाबाल तर जुनं पितळ मोडेल. स्प्रिंग बदलताना जुनीची लांबी, व्यास आणि तारेची जाडी मोजून तशीच घ्या. "जरा कडक घेतो, जास्त टिकेल" असं करू नका. जास्त जोर थेट खिळीवर आणि चिनी मातीवर येतो.

मग मोजणी. १२ व्होल्टची बॅटरी आणि ५५ वॅटचा गाडीचा हेडलाइट बल्ब बटणातून जोडा, साधारण साडेचार अँपियर जातील. दोन टर्मिनलांमध्ये मिलिव्होल्ट बघा. ३० च्या आत असेल तर मस्त. १०० च्या वर गेलं तर जवळपास अर्धा वॅट उष्णता त्या चिमट्यात निघतेय. उष्णतेने चिमट्याचा ताण जातो, ताण गेला की रोध वाढतो, रोध वाढला की अजून तापतं. जुनी बटणं या चक्रात मरतात. दांडी वीस वेळा वर-खाली करून दर वेळी आकडा बघा. तो उड्या मारत असेल तर बटण बाद. शेवटी ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या यंत्राने) बटण उघडं ठेवून दोन टर्मिनलांमध्ये आणि टर्मिनल ते झाकण बघा. कोरड्या, स्वच्छ चिनी मातीला शेकडो मेगोहम यायला हवेत. दोन-चारच आले तर ओल किंवा मळ आहे, परत धुवा. आणि ही मोजणी मे महिन्यात करून खूश होऊ नका. नागपूरच्या ४५ अंशांत लाकूडसुद्धा मेगरवर छान दिसतं. ऑगस्टमध्ये परत लावा.

पंख्याला जुनं बटण देऊ नका. मोटरची कॉइल तोडताना उलटा दाब मारते, ठिणगी एलईडीपेक्षा कितीतरी मोठी. तिथे सरळ नवं बटण.

दोन_वाटा

जिन्याचं मी सांगतो. टेस्टर 'कधीकधी' पेटतो म्हणालात, तिथेच रोग कळला.

आज आपण जिन्याला फेज एका बटणाच्या कॉमनला (सामाईक टोकाला) देतो, दोन बटणांमध्ये दोन तारा नेतो, आणि दुसऱ्या बटणाच्या कॉमनवरून दिव्याला. न्यूट्रल थेट होल्डरला. जुन्या कामात तार वाचवायला दुसरी पद्धत होती. दोन्ही बटणांच्या एका टोकाला फेज, दुसऱ्या टोकाला न्यूट्रल, आणि दिवा दोन कॉमनच्या मध्ये. एक बटण फेजवर, दुसरं न्यूट्रलवर असेल तर दिवा लागतो. दोन्ही न्यूट्रलवर असतील तर बंद. दोन्ही फेजवर असतील तरी बंद, पण मग होल्डरच्या दोन्ही पिनांत २३० व्होल्ट उभे असतात. चार स्थितींपैकी एका स्थितीत असं होतं, म्हणून 'कधीकधी'. बल्ब बदलायला स्टुलावर चढलेल्या माणसाला हे कसं कळणार?

दुसरा धोका बटणाच्या आत. फेज आणि न्यूट्रल एकाच चिनी मातीवर बोटभर अंतरावर असतात. स्प्रिंग ढिली पडून आर्क लांबला तर तो दिव्यातून नाही, सरळ फेज ते न्यूट्रल जाईल. तो शॉर्ट सर्किट.

खात्री अशी करा: बल्ब काढा, चारही स्थितींत होल्डरची प्रत्येक पिन ते अर्थ असं १५ वॅटच्या टेस्ट लॅम्पने बघा. टेस्ट लॅम्प महत्त्वाचा, कारण शेजारून जाणाऱ्या तारेच्या प्रभावाने निऑन टेस्टर उगीचच मिणमिणतो. लॅम्प नीट पेटला तर रोग हाच. दुरुस्ती म्हणजे नवी वायर: दोन बटणांमध्ये दोन तारा, फेज फक्त एकाच कॉमनला. वायरिंग बदलताच आहात, तेव्हा हे आपसूक होईल, फक्त वायरमनला आधी सांगा. नाहीतर तो "जसं होतं तसं" जोडून मोकळा होईल.

वाडा_महाल

चारपैकी एका स्थितीत लॅम्प पूर्ण उजेडाने पेटला. जिन्याचं सर्किट काढून टाकलंय. लोंबणारं बटणही. बाकीच्यांचे घुमट उघडले: अस्तर फक्त दोघांत शिल्लक. पितळी झाकण अर्थ कसं करू?

चोवीस_व्होल्ट

काहून त्या भानगडीत पडता भाऊ? घुमट नुसत्या रिंगवर बसतो, त्याला अर्थची तार टिकत नाही, आणि लाकडी ब्लॉकमध्ये तिला जागाही नाही. झाकण पितळी ठेवायचंच असेल तर त्याच्या आत २३० व्होल्ट नेऊच नका. आयसोलेशन असलेला (मेनच्या विजेपासून वेगळा) २४ व्होल्ट डीसीचा सप्लाय बोर्डात बसवा, बटणातून फक्त रिलेची (छोट्या करंटने चालणाऱ्या चुंबकी बटणाची) कॉइल चालवा, दिवे रिले चालवेल. प्रत्येक कॉइलवर उलटा डायोड लावा, वन-एन-४००७ चालेल, पट्टीचं टोक प्लसला. रिले १६ अँपियरचा घ्या, कारण एलईडी सुरू होतानाचा क्षणिक झटका चालू करंटच्या कितीतरी पट असतो आणि लहान रिलेची टोकं चिकटतात. २४ व्होल्टच्या तारा आणि २३० च्या तारा केसिंगच्या एका खाचेत घालू नका. आणि बोर्डात ३० मिलिअँपियरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारं उपकरण) हवीच, पण ती आहे म्हणून उघडं झाकण चालेल असं नाही.

मेगर_५००

रिलेला माझी हरकत नाही, एक खोच आहे. पितळेवर ऑक्साइडचा पातळ थर धरतो. २३० व्होल्ट तो सहज फोडतात, २४ व्होल्ट आणि चार-पाच मिलिअँपियर फोडतीलच असं नाही. म्हणून सेन्सरवाले नाजूक मॉड्यूल घेऊ नका, साधा कॉइलवाला रिले घ्या. एक वॅटच्या कॉइलला ४० मिलिअँपियर लागतात, तेवढे पुरतात. या बटणांत पूल चिमट्यात घासत बसतो, तेव्हा टोकं थोडी आपोआप साफ होतात, हाही फायदा. पण महिनोन्‌महिने न वापरलेलं बटण पहिल्या दाबात लागलं नाही तर आश्चर्य नको. चार-पाचदा खटखट करा, मग लागेल.

जुना_खटका

बसवताना एवढं बघा: दांडी खाली म्हणजे चालू, आपल्याकडची जुनी रीत तीच. जिन्यातली दोन सोडून. बूड ब्लॉकवर कसताना स्क्रू आलटून पालटून, हळू. एक पूर्ण आवळून मग दुसरा घेतलात तर चिनी माती भोकापाशीच तडकते. पितळी स्क्रूच वापरा, लोखंडी स्क्रू सागवानात गंजून पुढच्या वेळी डोकं तुटतं. घुमटाची रिंग हाताने बसेल तेवढीच, पकड नको.