बदलापूर, नेरळ की आसनगाव? आई आणि चार वर्षांच्या मुलीला घेऊन राहायचंय

भांडुपचा_भाडेकरू

नमस्कार मंडळी. अकरा वर्षं भांडुपला भाड्याने राहतोय. घरमालक यंदा करार वाढवत नाहीत, जानेवारीत जागा सोडायची आहे. आता पुन्हा भाड्याच्या घरात जायचं नाही असं घरात ठरलंय. कर्ज धरून ३६ ते ३८ लाखांपर्यंत उडी मारू शकतो. एवढ्यात ठाण्यात काही मिळत नाही, डोंबिवलीत मिळालं तर एक खोली आणि किचन.

माझी नोकरी मस्जिद बंदरला, साडेनऊला हजेरी. बायको घाटकोपरला एका दवाखान्यात आहे, तिची दुपारची पाळी, रात्री नऊला सुटते. आई ६८ वर्षांची, गुडघ्यांमुळे तिला जिना नको. मुलगी पुढच्या जूनला शाळेत जाईल.

तीन जागा पाहिल्यात. बदलापूर पश्चिमेला बॅरेज रोडच्या बाजूला वन बीएचके, तळमजला, आईसाठी सोयीचा. नेरळला त्याच पैशात टू बीएचके, गॅलरीतून माथेरानचा डोंगर दिसतो, आई तिथून उठायलाच तयार नव्हती. आणि आसनगावला नव्या संकुलात वन बीएचके, बाकीच्यांपेक्षा सहा लाखांनी स्वस्त. एजंट म्हणतो समृद्धी महामार्ग आलाय, पाच वर्षांत भाव दुप्पट. तिन्हीकडे रविवारी गेलो होतो, गाड्या रिकाम्या होत्या. जे रोज प्रवास करतात त्यांनी मोकळेपणी सांगावं.

खर्डी_लोकल

दादा, मी आसनगावला सात वर्षं आहे. हवा चांगली, माणसं चांगली, शहापूर बाजार जवळ. पण समृद्धीचं गाजर बघून घर घेऊ नका. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला हे खरं, पण तुम्ही मस्जिदला गाडी घेऊन जाणार आहात का? तुमचा संबंध लोकलशी, आणि कल्याणच्या पुढे कसाऱ्याकडे गाड्या मोजक्याच. दोनच रूळ, त्यांवरूनच नाशिककडच्या मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्या. तिसऱ्या मार्गाचं काम चालू आहे, तोवर एक गाडी चुकली की प्लॅटफॉर्मवर बसून राहायचं.

पाण्याचं सांगायलाच हवं. भातसा आमच्या तालुक्यात, तानसा आमच्या तालुक्यात, मुंबई त्यांचं पाणी पिते, आणि उन्हाळ्यात आमच्याच पाड्यांवर टँकर येतात. आमच्या सोसायटीत गेल्या मे महिन्यात दिवसाआड टँकर होता. तुमच्या घरात म्हातारं माणूस आणि लहान मूल. विचार करा.

परळ_ते_बदलापूर

मी २०११ पासून बदलापूर ते परळ करते. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे, तिन्ही पाळ्या केल्यात, त्यामुळे पहाटेची, दुपारची आणि रात्रीची अशा सगळ्या गाड्या ओळखीच्या आहेत. तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

तुम्ही सकाळचा विचार करताय. सकाळ सगळ्यांची जमते. बदलापूरहून सुटणारी लोकल पकडली तर बसायला मिळतं, कर्जतहून येणारी पकडली तर ती नेरळ-वांगणीलाच भरलेली असते. हा फरक वर्षभर अंगावर येतो. म्हणून अंतरापेक्षा गाडी कुठून सुटते ते आधी बघा. बदलापूर सीएसएमटीपासून ६८ किलोमीटर, नेरळ त्याच्याही पुढे १९. नकाशावर एवढंसंच दिसतं. पण बदलापूरला गाड्या सुटतात आणि परत फिरतात, नेरळला फक्त कर्जत-खोपोलीच्या गाड्या येऊन थांबतात.

खरी गोष्ट संध्याकाळची, आणि तुमच्या घरात ती तुमच्या मिसेसची आहे. नऊला सुटून घाटकोपरला येईपर्यंत सव्वानऊ. समजा दवाखान्यात शेवटचा पेशंट रेंगाळला आणि गाडी चुकली. बदलापूरचं घर असेल तर पुढची बदलापूर, नाहीतर अंबरनाथ. अंबरनाथला उतरून रिक्षा करता येते, मी कित्येकदा केलीय. नेरळचं घर असेल तर पुढची कर्जत येईपर्यंत थांबायचं. बदलापूरपर्यंत येऊन रात्री साडेदहाला वांगणी, शेलू, नेरळ कशाने जाणार? वाटेत अंधार आणि माळरान. एकट्या बाईने तो रस्ता रिक्षाने करावा असं मी सांगणार नाही.

लेडीज डब्यातली एक रीत सांगते. दादरला चढलं की बसलेल्या बाईला विचारतात, "कुठे?" ती म्हणते "ठाणा", की लगेच "मग तुमची जागा मला." मला विचारलं आणि मी "बदलापूर" म्हटलं की समोरची दुसरीकडे वळते, कारण माझी जागा रिकामी व्हायची नाही. तुमच्या मिसेस घाटकोपरला चढणार, तिथे गर्दी ठाण्यापर्यंत हलत नाही. म्हणजे निदान ठाण्यापर्यंत त्या उभ्या. पुढे बदलापूरपर्यंत बसता येतं. बसायला मिळाल्यावर आणखी वीस-पंचवीस मिनिटं लांब नेरळ फार वाटत नाही, पण ती मिनिटं रोज, आणि मुलगी तोवर झोपलेली.

तुमचं स्वतःचं: मस्जिदला फास्ट थांबत नाही. भायखळ्याला उतरून स्लो घ्या, नाहीतर सीएसएमटीला उतरून मागे चालत या. सगळं धरून दारापासून दारापर्यंत दोन तास. साडेनऊच्या हजेरीला सव्वासातला घर सोडायचं. पावसाळ्यात सात.

आता तळमजल्याबद्दल. हे नीट वाचा.

आम्ही आधी हेंद्रेपाड्याला भाड्याने होतो, तळमजला, सासूबाईंसाठीच. एजंटने सांगितलं होतं, इथे पाणी कधीच आलं नाही. शेजारच्या काकू म्हणायच्या पाच सालच्या जुलैत आलं होतं, पण आम्ही मनावर घेतलं नाही. २६ जुलै २०१९ च्या रात्री पाऊस थांबेना. पहाटे मी उठले ती पायाला गार लागलं म्हणून. चपला खोलीत फिरत होत्या. अर्ध्या तासात पाणी गादीला लागलं. सासूबाईंना मी आणि वरच्या मजल्यावरच्या मुलाने खुर्चीत बसवून जिन्याने वर नेलं. त्याच वेळी बदलापूर आणि वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली होती, तिच्यातले हजाराहून जास्त प्रवासी दुसऱ्या दिवशी बोटींनी काढले, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. आमचं घर कुणी पाहिलं नाही. पाणी ओसरल्यावर भिंतीवर चिखलाची रेघ होती, लाइटच्या बोर्डाच्या वर वीतभर. फ्रिज आडवा होऊन दारात अडकलेला, आणि माझ्या मुलाच्या वह्या तांदळाच्या डब्यात चिकटून बसलेल्या. दोन वर्षांनी, २०२१ च्या जुलैत नदी पुन्हा आली. तोवर आम्ही पूर्वेला दुसऱ्या मजल्यावर गेलो होतो.

उल्हास नदी वाईट नाही. ती तिच्या जागेतून जाते. तुमची बिल्डिंग निळ्या पूररेषेच्या आत आहे की निळ्या आणि लाल रेषेच्या मधे, हे नगरपरिषदेच्या नगररचना विभागात नकाशावर बघून या. निळी म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतल्या पुराची. आणि नकाशा मिळेपर्यंत एक सोपं काम करा: त्या रस्त्यावरच्या जुन्या बिल्डिंगमध्ये जाऊन विजेचे मीटर किती उंचीवर लावलेत ते बघा. डोक्याच्या वर असतील तर ते उगाच चढवलेले नाहीत.

भांडुपचा_भाडेकरू

ताई, हात जोडतो. मी बिल्डिंग पाहिली तेव्हा मीटर तळमजल्यावर नव्हतेच, पहिल्या मजल्याच्या वळणावर होते. मला ती चांगली व्यवस्था वाटली होती. आईला मजला चढवायचा कसा मग? आणि नेरळची गॅलरी तिच्या डोक्यातून जात नाहीये, त्याचं काय करू?

माथेरान_पायथा

नेरळकर बोलतोय. मी इथे जन्मलो, ठाण्याला नोकरी करतो, म्हणून दोन्ही बाजू सांगतो.

गॅलरी खरी आहे. जून लागला की डोंगरावरून पांढऱ्या धारा सुटतात, आणि छोटी गाडी शिट्टी वाजवत वर जाते ती घरातून ऐकू येते. १९०७ पासून चाललीय ती. तुमच्या आईला इथे बरं वाटेल यात शंका नाही. पण दिवसभर आई आणि नात दोघीच घरात असणार. नेरळला रोजचे डॉक्टर आहेत, मोठं काही झालं तर बदलापूर किंवा पुढे कल्याण गाठावं लागतं. शिवाय आमचा तालुका कर्जत आणि जिल्हा रायगड, म्हणजे दाखल्यापासून सगळी कामं कर्जतला, आणि जिल्ह्याचं काम निघालं तर अलिबाग.

एक कागदाची गोष्ट. इथे गावाबाहेर बऱ्याच बिल्डिंग नुसत्या ग्रामपंचायतीच्या शिक्क्यावर उभ्या आहेत. तुमच्या जागेला बिनशेतीचा आदेश आहे का, नगररचनेचा मंजूर नकाशा आहे का, भोगवटा प्रमाणपत्र (बिल्डिंगमध्ये राहायला परवानगीचा कागद) आहे का, महारेराचा (गृहप्रकल्प नोंदवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा) नंबर आहे का, हे आधी बघा. बँक कर्ज देतेय म्हणून कागद बरोबर, असं धरू नका. स्वतःचा वकील लावा, बिल्डरने सुचवलेला नको.

तुम्हा दोघांपैकी एक जण ठाणे-कल्याणकडे नोकरीला असता, तर मी "या" म्हटलं असतं. मिसेस रात्री नऊला सुटतात म्हणून "थांबा" म्हणतो.

परळ_ते_बदलापूर

नेरळकर दादांनी बरोबर सांगितलं.

आईंसाठी: पूर्वेला, नदीपासून लांब, पहिला किंवा दुसरा मजला, लिफ्ट असलेली बिल्डिंग बघा. कात्रपच्या बाजूला तुमच्या पैशात जुन्या बिल्डिंगमधलं वन बीएचके मिळू शकतं. नव्याचा हट्ट धरू नका, दहा वर्षं जुनी बिल्डिंग पावसात कशी गळते ते भिंतीवर दिसतं, नव्याचं रंगाखाली झाकलेलं असतं. लिफ्टला जनरेटर आहे का आणि तो चालतो का, हे वॉचमनला विचारा. इथे पावसात वीज जाते, आणि आजी खाली अडकल्या तर नातीला घेऊन त्या तासभर पायरीवर बसतील. माझ्या सासूबाई बसल्यात.

पाण्यासाठी सेक्रेटरींकडे गेल्या एप्रिल आणि मे महिन्याची मेंटेनन्सची बिलं मागा. टँकरचा खर्च त्यात वेगळा दिसतो. द्यायला टाळाटाळ केली तर उत्तर मिळालंच.

घर आईंच्या किंवा मिसेसच्या नावावर केलंत तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. ३५ लाखांवर ३५ हजार होतात, त्यात मुलीच्या शाळेची सुरुवात निघेल.

आणि गॅलरीचं म्हणाल, तर पूर्वेला काही बिल्डिंगच्या मागच्या बाजूने डोंगराची रांग दिसते. माझ्या किचनच्या खिडकीतून दिसते. सासूबाई सकाळचा चहा तिथेच घेतात. आईंना एकदा घरी घेऊन या, इथे मेसेज करा, मी पत्ता देते.

भांडुपचा_भाडेकरू

बायकोला सगळं वाचून दाखवलं. नेरळच्या मुद्द्यावर ती काही बोलली नाही, फक्त "साडेदहाला वांगणी" हे वाक्य परत वाच म्हणाली.

पश्चिमेच्या जागेचा टोकन अजून दिलेला नाही, तो देत नाही. येत्या मंगळवारी रजा टाकली आहे. सकाळी बदलापूरहून सुटणाऱ्या गाडीने मस्जिदला जाऊन बघतो, संध्याकाळी बायको पाळी संपवून घाटकोपरहून बदलापूरला येईल, मी स्टेशनवर घ्यायला थांबेन. शनिवारी आईला घेऊन कात्रपला. ताई, चहा तुमच्याकडेच.

परळ_ते_बदलापूर

या. मंगळवारी त्यांना लेडीज डब्यात "कुठे" विचारलं तर खरं सांगायला सांगा, जागा मिळाली नाही तरी चालेल. ठाण्यानंतर कुणीतरी सरकून देतंच.