हरिश्चंद्रगड तीनशे शब्दांत की चार हजारांत?

पायताण

नमस्कार मंडळी. मी नारायणगावची. पतसंस्थेत कॅशियर, वय 52, गुडघे 70. रविवारी डोंगर चढते आणि सोमवारी रात्री भांडी आवरून झाली की मोबाइलवरच त्याबद्दल लिहायला बसते.

सहा वर्षांत चाळीसेक लेख झाले. सुरुवातीचे सगळे लांबलचक. शिवनेरीवर 2,000 शब्द, जीवधनवर 3,000, आणि हरिश्चंद्रगडाने तर कहर केला, 4,200. तीन रात्री लिहीत होते. नुसत्या केदारेश्वराच्या गुहेवर पाचशे शब्द गेले असतील. (कंबरेएवढं पाणी, इतकं गार की पाय टाकला की आधी भाजल्यासारखं होतं. चार खांबांतला एकच धड उरलाय, त्याच्याकडे बघत दात वाजवत पिंडीला प्रदक्षिणा घालायची. आता हे थोडक्यात कसं सांगणार, तुम्हीच सांगा.)

भाचा म्हणाला, "मावशी, भारीच. वेळ मिळाला की वाचतो." त्याला दोन वर्षं झाली. शेजारीण माझ्यासमोर बसून वाचत होती, म्हणजे अंगठ्याने सरसर वर ढकलत होती आणि फोटो आला की थांबत होती. मग मी ठरवलं, पुरे. गेल्या वर्षीपासून 300 शब्द आणि एक फोटो. बदामांचा पाऊस पडायला लागला. हुरूप आला म्हणून जुने लेखही कापून छोटे केले.

इथपर्यंत सगळं ठीक. आता विचारायचं खरं कारण सांगते.

जुलैमध्ये एक कुटुंब माझा हरिश्चंद्रगडाचा छोटा लेख वाचून खिरेश्वरहून चढलं. बरोबर दोन मुलं, मोठा दहा वर्षांचा. मी लिहिलं होतं, "तोलार खिंडीतून रेलिंगच्या कातळावरून वर जा, टेकड्या ओलांडल्या की देऊळ." जुन्या लेखात त्या टेकड्यांवर दीड पान होतं: धुक्यात दहा फुटांपलीकडचं दिसत नाही, प्रत्येक टेकडी शेवटची वाटते, गुरांच्या वाटा मुख्य वाटेसारख्याच दिसतात. कापताना ते दीड पान गेलं. तीन तास भरकटली बिचारी. शेवटी एक गुराखी भेटला, त्याने देवळापर्यंत सोडलं. सगळे सुखरूप आहेत, पण त्या गृहस्थांचा निरोप आला: "मॅडम, लेख छान होता. फक्त टेकड्या ओलांडायला आम्हाला संध्याकाळ झाली."

चिडले असते तर बरं वाटलं असतं.

तर, लांब लिहिलं तर कोणी वाचत नाही आणि छोटं लिहिलं तर हे असं होतं. तुम्ही लिहिणारी-वाचणारी माणसं काय करता? कृपा करून "अमुक इतके शब्द ठेवा" असा ठोक आकडा देऊ नका, तो मला भाच्यानेही दिलाय.

फक्त_रील

ताई, खरं सांगू का, 300 पण जास्त आहेत. लोक बसमध्ये उभं राहून वाचतात. 90 सेकंदांचा व्हिडिओ करा, वाट दिसते, विषय संपला. आणि धुक्यात लहान मुलांना घेऊन जाणं ही त्यांची चूक, तुमची नाही.

शिळा_पेपर

व्हिडिओत धुकं दिसेल, वाट नाही. असो.

ताई, मी एका जिल्हा दैनिकाच्या डेस्कवर 31 वर्षं काढली. रात्री साडेदहाला जाहिरात यायची आणि लावलेल्या पानातून बातमी उडवावी लागायची. कापायची ती खालून, कारण पान लावणारा मजकूर वाचत बसत नाही, ब्लेड घेतो आणि तळातल्या चार ओळी उडवतो. म्हणून आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवलं होतं की ज्यावाचून माणसाचं अडेल ते वर आणि ज्यावाचून चालेल ते खाली. एकदा मी नगरपालिकेच्या सभेची बातमी अशी रंगवली की "दोन दिवस पाणी येणार नाही" हे शेवटच्या ओळीत आलं. जाहिरात आली, ओळ गेली. सकाळी गावात पाणी नाही आणि आमच्या फोनला उसंत नाही. संपादकांनी मला काही म्हटलं नाही, फक्त एक कोरडी बादली माझ्या टेबलाजवळ ठेवली. आठवडाभर ती तिथेच होती.

आता तुमच्याबद्दल दोन गोष्टी. पहिली म्हणजे गुहेचं थोडक्यात कसं सांगणार म्हणता, पण कंसात तुम्ही ते तीन ओळींत सांगून मोकळ्या झालात. मला इथे खुर्चीत बसून पाय गार पडल्यासारखं वाटलं. पाचशे शब्दांत याहून जास्त काय होतं, मला शंका आहे.

दुसरी गोष्ट जरा टोचेल. 300 शब्दांच्या लेखात टेकड्या एका वाक्यात उरकल्या. मग गुहेला किती जागा दिलीत?

पायताण

मोजले. 94 शब्द.

टोचलं.

शिळा_पेपर

मग लांबी-रुंदीचा प्रश्नच नाही हा. कापताना तुम्ही आवडीचं ठेवलंत आणि लागणारं टाकलंत. सगळेच असं करतात, मी बादली बघेपर्यंत तेच करत होतो. लांब लेखात ही चूक झाकली जाते, कारण तिथे सगळंच असतं. छोट्यात ती उघडी पडते.

आणि गडाची उंची 1,424 मीटर, हे त्या छोट्या लेखातही नक्की असणार. हो ना? ती कुठेही मिळते. धुक्यात कुठे थांबायचं हे तुमच्याकडेच मिळतं.

ओवीकर

निवृत्त मराठी शिक्षक असल्याने मला थोडं लांबण लावायचा परवाना आहे, असं समजून लिहितो.

ज्ञानेश्वरांनी गीतेच्या 700 श्लोकांवर नऊ हजारांच्या आसपास ओव्या लिहिल्या. आणि चांगदेवाचं कोरं पत्र आलं, मुक्ताई म्हणाली की एवढा योगी पण कोराच राहिला, तेव्हा त्याला उत्तर दिलं ते 65 ओव्यांत. लिहिणारा एकच. आणि गंमत बघा, परंपरेने चांगदेवांची तपश्चर्या सांगतात ती तुमच्याच हरिश्चंद्रगडावर. म्हणजे थोडक्यात उत्तर मिळालेला माणूस तिथलाच.

पण मला जास्त सांगायचंय ते लोकहितवादींबद्दल. 1848 पासून 'प्रभाकर' साप्ताहिकात त्यांची पत्रं यायची. आपण शतपत्रे म्हणतो, आहेत 108. एका पत्रात शक्यतो एकच तक्रार, कधी दक्षिणा, कधी पुनर्विवाह, कधी आळस. पुढे 1874 मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमाला काढली, तिचे 84 अंक निघाले, आणि एकेक निबंध या अंकातून त्या अंकात वाहत जायचा. त्याच मालेत त्यांनी लोकहितवादींवर तुटून पडायलाही कमी केलं नाही. दोघांनाही वाचक होते आणि भांडणारेही होते. वर्गात मुलं विचारायची, "सर, चांगलं कुठलं?" मी म्हणायचो, आधी दोन्ही वाचा. कोणी वाचत नसे, पण घंटा व्हायची.

तुम्ही लोकहितवादींची रीत धरा असं सुचवतो. गडाचे तुकडे करा. वाटेचं एक पत्र, गुहेचं दुसरं, कोकणकड्याचं आणि तिथल्या इंद्रवज्राचं, म्हणजे गोल इंद्रधनुष्याचं, तिसरं. प्रत्येक छोटं, सगळी मिळून गड.

शिळा_पेपर

सर, आदरपूर्वक हरकत. 'प्रभाकर'चा वाचक पुढच्या आठवड्याच्या अंकाची वाट बघत असेल. आताच्या माणसाच्या हातात कोणीतरी पुढे ढकललेलं एकच पत्र पडतं, आणि पैजेवर सांगतो, ते गुहेचंच असणार.

ओवीकर

मान्य. माझा विद्यार्थी असता तर तुम्हाला बाहेर उभं केलं असतं, पण मान्य.

एसटीचा_पास

पायताण ताई, तुमचा 4,200 शब्दांवाला लेख पूर्ण वाचलेला माणूस सापडत नसेल तर हा मी. हात वर केलाय.

पण आधी शिव्या ऐका. तीन वर्षांपूर्वी सप्टेंबरात मी आणि माझा मेव्हणा आळेफाट्याहून एसटीने खुबी फाट्याला उतरलो. पुढे रेंजचा भरवसा नाही म्हणून तुमच्या लेखाचे 11 स्क्रीनशॉट काढून ठेवले होते. तोलार खिंडीत पोचलो तर पाऊस. ओला अंगठा मोबाइल ऐकेना. इथून वाट कुठली हे शोधतोय, आणि तुमच्या लेखात खिंडीतल्या वाघाच्या शिल्पानंतर थेट येतात तुमच्या सासूबाईंनी दिलेल्या दशम्या! त्या कशा सोडल्या, कोणाला किती वाटल्या, माकडाने एक कशी पळवली. तीन स्क्रीनशॉट नुसत्या दशम्या. मेव्हणा म्हणाला, "ही बाई गडावर गेली होती का डबा खायला?" रेलिंगचा कातळ आठव्या स्क्रीनशॉटमध्ये सापडला.

तिथेच एका झाडाखाली उभं राहून एसटीच्या तिकिटामागे मी पेन्सिलीने तुमचा लेख उतरवून काढला. सहा ओळी झाल्या. तिकीट अजून पाकिटात आहे, शाई उडाली पण पेन्सिल टिकली. जसंच्या तसं देतो:

खुबी फाटा ते खिरेश्वर, धरणाच्या कडेने, 5 किमी धरा.
खिंडीत वाघ. सरळ वाट कोथळ्याला उतरते, ती नाही. डावीकडे वर.
रेलिंग. ओलं असेल तर बूट आडवे टाका.
टेकड्या मोजू नका. चुकतातच.
बाण दिसेना झाला की शेवटच्या बाणापर्यंत मागे. पुढे नाही.
दुपारी 2 नंतर खिंडीतून वर चढायचं नाही. मुलं असतील तर पाचनईहूनच, ती वाट सोपी.

एकेक शब्द तुमचाच आहे. फक्त तो 4,200 मध्ये सात ठिकाणी विखुरला होता. चौथ्या टेकडीवर धुकं उतरलं तेव्हा पाचव्या ओळीने आम्हाला वाचवलं. मेव्हणा पुढे निघाला होता, मी तिकीट नाकासमोर धरून त्याला मागे आणला.

आता दुसरी बाजू. घरी आलो, गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडले आणि तुमचा लेख पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. दशम्यांसकट. माकडाने जी पळवली ती तुमच्या साहेबांच्या वाट्याची होती आणि ते दिवसभर बोलले नाहीत, तिथे मी इतका हसलो की बायको बघायला आली. ते कापलंत असं वर वाचलं आणि वाईट वाटलं. कापू नका हो. खिंडीत मात्र आणू नका.

फक्त_रील

हे तिकीट लय भारी आहे. याचा फोटो टाका ना.

पायताण

सगळ्यांची आभारी आहे. दोन रात्री खपले.

एसटीवाले दादा, तुमच्या सहा ओळी सर्वांत वर लावल्या, ठळक करून. त्यांच्याखाली लिहिलंय, "गडावर जाणाऱ्यांनी एवढं उतरवून घ्या आणि निघा. बाकीचं परत आल्यावर." फक्त तिसऱ्या ओळीत थोडी भर घातली, की रेलिंगवर भार टाकण्याआधी ती हलवून बघा. हे माझ्या लांब लेखातही नव्हतं. मनात होतं, लिहायचं राहिलं. 4,200 शब्द लिहूनही!

गुहेचे पाचशे शब्द गेले. पेपरवाल्या काकांच्या म्हणण्याप्रमाणे कंसातल्या तीन ओळी तिथे ठेवल्या आणि खरंच काही कमी वाटलं नाही. म्हणजे मला वाटलं, पण सकाळी नाही वाटलं. टेकड्यांचं दीड पान परत आलं, ते मी कापणार नाही, कोणी कंटाळलं तरी कंटाळू दे. उंची शेवटच्या ओळीत टाकली, जाहिरात आली तर जाऊ दे. त्या कुटुंबाला नवा लेख पाठवला आणि माफी मागितली. उत्तर आलं, मुलगा पुन्हा जायचं म्हणतोय, पण पाचनईहून.

300 शब्दांचे बाकीचे लेख एकेक करून उघडून बघतेय. जीवधनच्या लेखात शेजारच्या वानरलिंगी सुळक्यावर तीन वाक्यं आहेत आणि कातळातल्या पायऱ्यांवर एकही नाही. आता तेच घेऊन बसते.

दशम्या सगळ्यात खाली, पूर्ण ठेवल्या. काल सासूबाईंना वाचून दाखवल्या. माकडाच्या जागी हसल्या, मग चष्मा काढून म्हणाल्या, "एवढं लिहिलंस आणि गूळ किती घालायचा ते नाहीच."