मदत हवी आहे: बेसिनवरच्या काळपट रेघा कशा काढू?

नमस्कार मंडळी. आमच्याकडे बोअरचं पाणी, त्यामुळे नळावर पांढरा थर साचणं नवीन नाही. व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं अर्धा तास गुंडाळून ठेवलं की तो निघतो, तेवढं जमतं. पण गेल्या आठवड्यात मी गावी असताना घरच्यांनी उत्साहाच्या भरात तारेची घासणी चालवली, वर फरशीचं अ‍ॅसिडही ओतलं. हेतू चांगला होता, बोलणार काय!

आता पांढऱ्या बेसिनमध्ये कोणी पेन्सिलीने रेघोट्या माराव्यात तशा राखाडी खुणा दिसतात. नख फिरवलं तर कुठेच अडकत नाही. म्हणजे चिनीमाती चरलेली नाही, घासणीचा धातूच वर उतरला असावा, असा माझा अंदाज. खायच्या सोड्याची पेस्ट लावली. थोड्या फिकट झाल्या, गेल्या नाहीत. ऑक्झॅलिक अ‍ॅसिडवाली पावडर कोणी वापरली आहे का? किती वेळ ठेवायची? हातमोजे घालणारच.

नळाचं दुखणं वेगळं. तोटीखाली हरभऱ्याच्या डाळीएवढं क्रोम उडून आतलं पिवळं पितळ दिसतंय. तिथे पॉलिशचा उपयोग नाही हे कळतंय. पुन्हा क्रोम चढवून घेणं परवडतं, की सरळ नवा नळ? जेमतेम ४ वर्षं झालीत हो, टाकवत नाही.

टूथपेस्ट सोडून काहीही सुचवा, ती लावून झाली आहे.