मदत हवी आहे: गाइड आणि को-गाइडच्या ओढाताणीत प्रबंध अडकलाय

सांगलीकडच्या क्षारपड जमिनींवर माझी पीएच.डी. चालू आहे. सर म्हणतात, चौथ्या प्रकरणात फक्त माती परीक्षणाचे आकडे ठेव, शेतकऱ्यांच्या मुलाखती परिशिष्टात टाक. को-गाइड मॅडम नेमक्या त्याच मुलाखती परत प्रकरणात घ्यायला लावतात. एकाच प्रिंटवर सरांची लाल शाई, मॅडमची हिरवी, एकमेकांचं खोडणारी. दोघंही जाणकार आहेत, दोघांबद्दल मनापासून आदर आहे, पण माझी पार दमछाक झालीय. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमांतली पीएच.डी.ची ६ वर्षांची मुदत संपत आलीय. पुनर्नोंदणीने मुदत वाढते, पण फेलोशिप संपलीय, त्याचं काय? हे सहामाही सादरीकरणात संशोधन सल्लागार समितीपुढे मांडावं, की आधी दोघांना एकत्र बसवून जे ठरेल ते ईमेलवर लेखी घ्यावं? यातून गेलेल्यांनी कृपया सांगा, सरांना न दुखावता विषय काढायचा कसा?