हेरगिरीचं शिक्षण: पुणे की गांधीनगर?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. धाकटी बहीण इथंच कोल्हापुरात राज्यशास्त्र घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. बहिर्जी नाईकांच्या गोष्टी ऐकत वाढली, आता गुप्तवार्ता आणि सुरक्षा याच विषयात एम.ए. करायचं म्हणते. वहीच्या मागच्या पानावर लाल पेनानं लिहून ठेवलंय: आयबी १८८७, रॉ १९६८ (देशातली आणि परदेशातली गुप्तवार्ता गोळा करणाऱ्या आपल्या दोन संस्था, आणि त्यांची स्थापनेची वर्षं). रॉ का निघाली विचारलं तर १९६२च्या चीन युद्धापासून सुरू करते, चहा गार होतो.

परवा रंकाळ्यावर भेळ खाता खाता तिनं बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "हेर व्हायचं आणि सगळ्या गल्लीला सांगत सुटायचं व्हय?"

मला दिसणारे पर्याय दोन. पुणे विद्यापीठात संरक्षण व सामरिक शास्त्र, किंवा गुजरातमधल्या गांधीनगरजवळचं राष्ट्रीय रक्षा विद्यापीठ. लंडनच्या किंग्ज कॉलेजचं नाव ती घेते, पण तेवढे पैसे आमच्याकडं नाहीत, विषय कट.

गांधीनगरला कुणी शिकलंय का? हॉस्टेल, मेसचा खर्च किती येतो? तिथं प्रत्यक्ष काय शिकवतात, विश्लेषण, सायबर, की नुसता इतिहास? आयबीच्या एसीआयओ (सहायक केंद्रीय गुप्तवार्ता अधिकारी) परीक्षेला कुठलीही पदवी चालते, मग दोन वर्षं एम.ए.त घालवण्यापेक्षा सरळ तयारीला बसवावं का? मला तरी एम.ए. करता करता परीक्षा द्यावी असं वाटतं. आणि मराठी माध्यमातून गेलेल्यांना इंग्रजीत पेपर लिहिणं कितपत जड गेलं, तेही सांगा. बाबांना दाखवायचंय, जरा सविस्तर लिहा.